चारवर थांबलेला आकडा

"नाव तेच का ठेवलंस?"

"आपा, नाव बदललं असतं तर माझे सगळे प्रोग्राम परत बांधावे लागले असते."

"मग बांधायचे होते."

"आणि पाठवायचे कसे? कांद्याच्या चाळीत नेट कसं येतं ते तुला माहीत आहे. पत्र्यावर चढून मोबाइल हवेत धरावा लागतो."

"मी नेटचं विचारतच नाही, वासिफ. आतला माल बदललास आणि डब्यावरची चिठ्ठी तीच ठेवलीस. का?"

"माल कुठं बदलला? जरासा सांभाळून घेतला."

"सांभाळून घेतला." भातातला खडा जिभेवर धरून बघावा तसे नौशीननं ते शब्द तोंडात घोळवले.

"हौ, सांभाळून घेतला. व्यापारी रोज उठून शिव्या घालत होते. लाइट मिचकली की बोर्ड कोरा, बोर्ड कोरा झाला की मला फोन. मी माणूस आहे, टेलिफोन एक्स्चेंज नाही."

"तिकडं मेंढ्या मरतायत."

वासिफचा हलणारा पाय थांबला. खाली चपलांच्या दुकानातले चाचा गिऱ्हाइकाच्या पायात जोडा घालता घालता मघापासून वर कान लावून होते. तेही थांबले असावेत, कारण जोडा आपटून बघायचा आवाज बंद झाला.

छावणीच्या बाजारात या जिन्याच्या तोंडाशी अजून जुनीच पाटी आहे. ‘करीम बावर्ची. निकाह, वलीमा, अकीका. नान-खलिया आमची खासियत.’ तिच्याखाली नौशीननं स्वतःच्या हातानं, ब्रशचे ओघळ तसेच ठेवून लिहिलंय, ‘सॉफ्टवेअर वर.’ त्यामुळं लग्नसराईत माणसं धापा टाकत जिना चढतात, समोर वायरींचा गुंता आणि दोन टेबलं बघतात आणि तरी चिकाटीनं म्हणतात, "दोन देगी खलिया सांगायचाय." नौशीन मान वर न करता सांगते, "अब्बांचे गुडघे गेले. आता ते घरीच असतात, मागच्या गल्लीत. पण सल्ला देतात, फुकट."

बावर्चीखान्यात वाढलेली मुलगी. करीम आणि त्याचे भाऊ, प्रत्येकाची पार्टी वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, भांडणं तर फारच वेगळी. पण मसाला सगळ्यांचा एकच. नौशीनची अम्मी तो घरी कुटायची, चिनी मातीच्या मोठ्या बरणीत भरायची आणि ज्याची ऑर्डर असेल तो येऊन त्यातून न्यायचा. नौशीन लहानपणी त्या बरणीपाशी बसून गृहपाठ करायची. तिच्या वह्यांना शेवटपर्यंत लवंगेचा वास होता. पुढं पॉलिटेक्निक केलं, वाळूजला एका कारखान्यात पॅनेल जोडायची नोकरी केली, आणि तिथंच जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातानं खात, ती प्रोग्राम लिहायला शिकली. सामाईक लायब्ररी म्हणजे काय ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती एकटीच हसली होती. ही तर अम्मीची बरणी.

आज बहीण-भावाचा धंदा या बरणीवरच चालतो. तालुक्याच्या गिऱ्हाइकाला पाककृती नको असते, शिजवलेलं हवं असतं. म्हणून नौशीन आपला प्रोग्राम मशीनच्या भाषेत पक्का करून, कंपाइल करून, त्याचं पॅकेज पाठवते. ते घेणारे कॉम्प्युटर काड्यापेटीएवढे, नेट मुंगीच्या पावलानं चालणारं, तेव्हा पॅकेज जेवढं हलकं तेवढं बरं. मग सगळ्यांना लागणारा जो भाग, म्हणजे सेन्सरला विचारायचं आणि त्यानं सांगितलेलं तापमान आणून द्यायचं, तो प्रत्येक पॅकेजात कोंबायचा कशाला? तो वेगळा ठेवला, एकाच फाइलीत. प्रोग्राम सुरू झाला की त्या फाइलीचं नाव घेऊन हाक मारतो आणि लागेल ते तिच्यातून उचलतो. वासिफचे प्रोग्राम कांद्याच्या चाळींमध्ये हवा किती तापली ते मोठ्या लाल आकड्यांत दाखवतात. नौशीनचे प्रोग्राम जनावरांच्या दवाखान्यांत, लसींच्या फ्रीजवर पहारा देतात. मशीन वेगळ्या, गावं वेगळी. सेन्सरशी बोलणारी ती फाइल, म्हणजेच ती लायब्ररी, मात्र एकच. छावणीतून नवी पाठवली की सगळीकडं आपोआप बदलते.

नियम नौशीननंच घालून दिला होता. चव बदलली तर बरणीच्या नावापुढचा आकडा बदलायचा. म्हणजे जुने प्रोग्राम जुन्या बरणीतून घेतील, नवे नव्या, आणि दोन्ही बरण्या एकाच फळीवर सुखानं राहतील.

वासिफनं आकडा बदलला नव्हता.

आणि सकाळी डॉक्टर योगिनीचा फोन आला होता. ही पोरगी वैजापूरच्या बाजूला एका दवाखान्यात जनावरांची डॉक्टर, स्वतः धनगराच्या घरातली. एरवी फोनवर आधी हसायची आणि मग काम सांगायची. आज आवाज सपाट होता.

"मॅडम, आमच्या वस्तीवरच्या मेंढ्या पीपीआरच्या साथीनं चालल्यात."

"पण तुम्ही तर लस टोचली होती ना? पोळ्यानंतर?"

"टोचली होती. माझ्या हातानं. म्हणून आत्ता फ्रीज तपासतेय. मॅडम, तुमच्या पडद्यावर काय दिसतंय?"

नौशीननं आपल्याकडच्या पडद्यावर दवाखान्याचं नाव काढलं. "चार. अगदी बरोबर आहे. चार अंश."

"सेन्सरची वायर माझ्या हातात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुकडा हातात आहे. उंदरानं कधीतरी तोडलीय. मी ती फ्रीजच्या बाहेर, उन्हात धरून उभी आहे. इथल्या पडद्यावर पण चारच आहे."

बोलताना नौशीनचे हात सतत चालतात. हवेत पोळ्या लाटल्यासारखे. ते दोन्ही हात टेबलावर पडून राहिले. तिच्या प्रोग्राममध्ये सगळ्यात आधी लिहिलेली, सगळ्यात जपलेली गोष्ट हीच होती. सेन्सरनं उत्तर दिलं नाही, की भोंगा वाजवायचा. फ्रीज गरम झाला की नाही ते नंतर बघू, पण पहारेकरी मुका झाला की आधी ओरडायचं. तो भोंग्याचा आवाज तिनं मुद्दाम कर्कश निवडला होता, कुणाला दुर्लक्ष करता येऊ नये असा.

"लाइट गेली होती का मधे?" तिनं विचारलं.

"लसीकरणाच्या आधी डीपी जळाली होती. दोन-तीन दिवस अंधार. तुमची मशीन इन्व्हर्टरवर चालू होती, फ्रीज नव्हता. मी रोज पडद्याकडं बघत होते, मॅडम. चार दिसायचं. मला वाटलं, आतला बर्फ टिकलाय, आणि मी घरी जायचे. नंतर लाइट आली, फ्रीज परत थंड झाला. मी बाटल्या काढल्या तेव्हा गार होत्या. गार आणि मेलेल्या. मला काय कळणार?"

"मी बघते," एवढंच बोलून नौशीननं फोन ठेवला आणि लायब्ररी उघडली. शोधायला वेळ लागला नाही. वासिफनं लिहिलेल्या चारच ओळी. सेन्सर बोलला नाही, तर मागच्या खेपेला जे बोलला होता तेच सांग. किती वेळ तेच सांगत राहायचं, त्याला अंतच नाही.

कांद्याला ते चालून जातं. लाइट मिचकली, बोर्ड कोरा झाला नाही, व्यापारी खूश. फ्रीजला ते चालत नाही. तिचा पहारेकरी झोपेत चार, चार, चार म्हणत होता आणि तिचा प्रोग्राम ते ऐकून निश्चिंत होता.

"तपासणी हिरवी आली होती," वासिफ आता खालच्या आवाजात बोलला. "फंक्शनची नावं तीच, घेतात तेच, देतात तेच. आकडाच देतात. तुझ्याच तपासणीत पास झालं."

"तपासणी नावं बघते. खरं-खोटं नाही बघत."

"आणि मी तुला विचारलं होतं."

"कधी?"

"पोळ्याच्या आधी, अम्मीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतंस त्या दिवशी. फोनवर. मी म्हणालो, लायब्ररीत बोर्डाचं जरा नीट केलंय, पाठवू? तू म्हणालीस, इंटरफेस तोच आहे ना, मग पाठव."

नौशीननं मान हलवली, नाही म्हणून. मग तिची मान मधेच थांबली. अम्मीच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, ती हात धरून बसली होती, समोर नंबर पुकारत होते. मग पाठव. हो. तिचाच आवाज होता तो.

आणि त्यानंतर भोंगे बंद झाले होते. एकाही दवाखान्यातून तक्रार नाही. पडद्यावरच्या तापमानाच्या रेघा, ज्या आधी घाट चढल्या-उतरल्यासारख्या दिसायच्या, त्या काही ठिकाणी इस्त्री केल्यासारख्या सरळ झाल्या होत्या. तिनं त्या कौतुकानं बघितल्या होत्या. अब्बांना म्हणाली होती, "प्रोग्राम आता मुरला."

"ऐक आपा." वासिफनं खुर्ची जवळ ओढली. "वायर उंदरानं खाल्ली. खरं आहे ना हे?"

"खरं आहे."

"डीपी जळाली. तेही खरं. मग डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगू. यात खोटं काय आहे? जुनी लायब्ररी गुपचूप परत पाठव, सगळं जागच्या जागी. आपण तोंड उघडलं तर एकही दवाखाना आपल्याला दारात उभं करणार नाही. अब्बांची पाटी आहे खाली."

नौशीनला राग यायला हवा होता. पण धक्का असा होता, की वासिफ बोलत असताना तिला ते सगळं पटत चाललं होतं. उंदीर. डीपी. फोन उचलायचा आणि सांगायचं, की झालं. तिनं मान फिरवली आणि कामाला बसली. जुनं वागणं जुन्या नावाखाली परत आणलं. वासिफचा बदल वेगळ्या आकड्याखाली, वेगळ्या बरणीत टाकला. पक्कं केलं, पॅकेज बांधलं, पाठवलं. एवढं सोपं होतं ते. तेव्हाही एवढंच सोपं होतं.

"झालं?" वासिफनं विचारलं.

"गेलं. मशीन थोड्या थोड्या वेळानं विचारतात, काही नवं आहे का म्हणून. घेतील."

"बघ. मिटलं." तो चहा सांगायला जिन्याकडं गेला, तोच फोन वाजला.

"मॅडम, भोंगा वाजायला लागलाय." एका लांबच्या दवाखान्यातला कंपाउंडर. "बंद कसा करायचा?"

"फ्रीजवर सेन्सरची वायर दिसतेय का?"

"थांबा. हां. पण ही तर निघालेली आहे."

"आत्ता निघाली?"

"आत्ताची नाही वाटत, मॅडम. तिच्यावर कोळ्यानं जाळं केलंय."

तिनं फोन खाली ठेवला तो लगेच परत वाजला. वेरूळच्या अलीकडचा एक दवाखाना. तिथं सेन्सरला गंज चढला होता, आणि "परवा दिवसभर लाइट नव्हती, पण तुमची मशीन चार म्हणत होती म्हणून आम्ही बर्फ मागवला नाही." ते बोलत असतानाच वासिफच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला, कारण नौशीनचा लागत नव्हता. मग परत तिचा. वासिफ जिन्याच्या पहिल्या पायरीवर तसाच उभा राहिला, अर्धा वळलेला. भोंगे इथं ऐकू येत नव्हते. ते लांब लांब, बंद खोल्यांत, पांढऱ्या फ्रीजवर वाजत होते. इथं फक्त फोनची रिंगटोन होती, लग्नाच्या बँडसारखी आनंदी.

प्रत्येक फोनमागं एक फ्रीज. त्यातली लस जिवंत असेल किंवा नसेल. टोचून झालेली कुठं गेली, कुणाला, ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. नौशीनला वाटलं होतं, एक वायर तुटलीय. आता तिला दिसलं, की पहारेकरी कधीचाच उठून गेला होता आणि दारावर फक्त त्याची टोपी ठेवलेली होती.

"उंदीर सगळीकडं नसतात, वासिफ," ती म्हणाली.

मग ती प्रत्येकाला तेच सांगत गेली. बसून, शांत आवाजात, एकामागून एक. आमच्या लायब्ररीत चूक झाली. सेन्सर बंद असताना मशीन जुनाच आकडा दाखवत होती. पोळ्याच्या आधीपासूनची लस वापरू नका, आणि तेव्हापासून टोचलेली धरू नका. एकानं शिव्या दिल्या. एक नुसताच "अरे बापरे, अरे बापरे" म्हणत राहिला. एकानं शांतपणे विचारलं, "तुम्ही हे लिहून द्याल का?" ती म्हणाली, देते.

शेवटी योगिनी. नौशीननं सगळं सांगितलं.

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंत, बरं केलंत. पण मला सांगून भागणार नाही. इथं माझ्याच चुलत्याच्या मेंढ्या आहेत. मीच त्यांना लसीला तयार केलं होतं. पहिल्यांदा. आता काकू म्हणते, मी पाणी टोचलं आणि औषध विकलं. जी मेंढरं अजून धड आहेत ती आज टोचली तर वाचतील. उद्या कळप चारणीला निघेल, वाटेत दुसऱ्या कळपांत मिसळेल, मग रोग कुठं कुठं जाईल कोण धरणार? आणि तात्या, म्हणजे चुलते, मला मेंढरांच्या वाड्यात पाऊल ठेवू देत नाहीत."

"मी येते."

"खरंच याल?"

"निघालेच."

वासिफनं काही न विचारता हेल्मेट उचललं. पडेगाव, मिटमिटा मागं पडलं, मग लासूरच्या रस्त्याला लागले. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चावत होतं. एकदा गतिरोधकावर गाडी आदळली तेव्हा वासिफ म्हणाला, "सॉरी," आणि नौशीनला कळेना ते कशाबद्दल होतं.

योगिनी रस्त्यावरच उभी होती, खांद्याला लसीचा निळा डबा अडकवून. उंच, सडसडीत, डोळे जागरणानं सुजलेले. कापणी झालेल्या बाजरीच्या रानात बिरूतात्याचा कळप बसवला होता. वाघुरीच्या जाळ्याआत मेंढरं दाटीनं उभी, आणि बांधापलीकडं ताजी माती ओढलेली जागा. तिकडून वास येत होता. नौशीननं ओढणी नाकाला लावली आणि मग, योगिनीनं लावलेली नाही हे बघून, खाली घेतली.

पालाच्या तोंडाशी म्हाळसाबाई बसली होती. तिनं शहरातल्या माणसांना वरपासून खालपर्यंत बघितलं, पण बोलली योगिनीशी.

"आलीस व्हय डाक्टरीणबाई. आज काय आणलंस? दूध का पाणी?"

"काकू, ह्या छावणीतून आल्यात. ह्यांचं ऐक, मग मला काय बोलायचं ते बोल."

"ह्यांनी काय मेंढरं राखलीत का कवा?"

"नाही," नौशीन म्हणाली आणि जमिनीवरच बसली. "मी तुमच्या औषधाच्या फ्रीजवरची मशीन बनवते. योगिनीताईंनी पाणी टोचलं नाही. त्यांनी औषधच टोचलं. पण ते आधीच मेलेलं होतं, गरम होऊन. ते गरम झालंय हे आमच्या मशीननं त्यांना सांगायला पाहिजे होतं. तिनं सांगितलं नाही. ती उलट सांगत राहिली की सगळं थंड आहे."

पालाच्या आत, सावलीत, बिरूतात्या बसला होता. उतारवयाचा, गालफडं बसलेला. त्याच्या हातात चाती होती आणि तो लोकर कातत होता. चाती गरगर फिरत होती. त्यानं मान वर केली नाही.

"मंजी मशीन खोटं बोललं?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"मशीनला खोटं-खरं कळत नाही, काकू. आम्ही तिला तसं शिकवलं."

"काहून? आमचं काय वाकडं होतं तुमच्याशी?"

"तुमच्यासाठी नव्हतं शिकवलं. कांद्याच्या चाळीसाठी होतं. समजा, कांद्याच्या चाळीत आणि तुमच्या फ्रीजवर आतमधे काम करणारा गडी एकच आहे. चाळीत त्याला सांगितलं, तुला दिसलं नाही तरी मागचंच सांगत जा, कुणाला घाबरवू नको. तो तिथून इकडं आला आणि इथं पण तसंच करायला लागला. इथं त्याला घाबरवायलाच ठेवला होता."

"आन् तुमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आलं नाय?"

"नाही आलं."

"लई शिकलेले हायेत ना पण."

मागून वासिफचा आवाज आला. तो अजून मोटरसायकलपाशीच उभा होता, हेल्मेट पोटाशी धरून.

"ती ‘आम्ही’ म्हणतेय. बदल मी केला. तिनं फोनवर हो म्हटलं, पण तिला मी नीट सांगितलंच नव्हतं काय बदललंय ते. मला घाई होती. आणि आज सकाळी मीच तिला म्हणालो, की तुम्हाला काही सांगू नको."

नौशीननं वळून बघितलं. वासिफ त्या ओढलेल्या मातीकडं बघत होता. शहरात राहणाऱ्या पोरानं मेलेली मेंढरं पहिल्यांदाच बघितली असतील, किंवा त्यांच्यावरची माती. लाल आकड्यांच्या बोर्डासाठी लिहिलेल्या चार ओळी इथपर्यंत चालत आल्या होत्या.

म्हाळसाबाई उठली. तिनं रागानं काही फेकलं नाही, की शिवी दिली नाही. ती बांधाकडं हात करून एकेक सांगायला लागली, अगदी माणसांची ओळख करून द्यावी तशी. ती कानफाटी, पुढं चालायची. तिच्यामागं सगळा कळप. ती जुळं देणारी. ते पिल्लू मी बाटलीवर वाढवलं होतं, रात्री उशाशी घेऊन. बोलता बोलता ती योगिनीपाशी येऊन थांबली.

"तू तवाच का नाय बोललीस, पोरी? मी तुला चोर म्हणलं. सगळ्या वस्तीनं म्हणलं. तू ऐकून घेतलंस."

"मलाच माहीत नव्हतं, काकू. मी पडद्याकडं बघितलं, चार दिसलं. दार उघडून हात घालायला पाहिजे होता. नाही घातला."

"तुझ्या बापानं तुला शिकवली ती पडद्याकडं बघायला व्हय."

योगिनीनं खांद्यावरचा निळा डबा खाली ठेवला, झाकण उघडलं आणि पालाच्या तोंडाशी सरकवला. आत बर्फाचे तुकडे, त्यांच्यात रोवलेला काचेचा साधा थर्मामीटर आणि छोट्या बाटल्या.

"तात्या," ती म्हणाली. चाती फिरतच होती. "ही मी आज जिल्ह्याच्या साठ्यातून स्वतः आणलीय. मांडीवर ठेवून. मशीन नाही, पडदा नाही, काही नाही. बघा, हात घाला. बर्फ आहे. आजारी मेंढरं तुम्ही वेगळी काढलीतच. उरलेली मला आज टोचू द्या. उद्या निघालात तर वाटेत सगळ्यांना लागेल, आपल्याच मेंढरांना नाही, दुसऱ्यांच्याही."

बिरूतात्यानं चाती थांबवली. धागा बोटाला गुंडाळला.

"मागल्या टायमाला पण तू असंच म्हणली होतीस," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता, की नौशीनला पुढं वाकावं लागलं. "बर्फ हाय, गार हाय, हात घाला. म्या हात घातला होता. गारच होतं."

योगिनीनं नौशीनकडं बघितलं. नौशीनला वाटलं, आता आपण काहीतरी बोलायला हवं, यासाठीच तर आलो. पण तात्या म्हणत होता ते खरं होतं. तेव्हाही ते गारच होतं. गार असणं आणि जिवंत असणं यांच्यामध्ये जी एक खात्री असते, ती या माणसाला कुणीतरी द्यायला हवी होती, आणि ती द्यायचं काम नौशीननं अंगावर घेतलं होतं.

"तात्या, यावेळी साठ्यापासून इथपर्यंत ही बाटली माझ्या नजरेसमोर आहे," योगिनी शेवटी म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नाही. वाघूर सोडते, एकेक मेंढरू मी धरते, तुम्ही नुसते उभे राहा. टोचू का?"

बांधाजवळ वेगळ्या काढलेल्यांतली एक मेंढी खोकली. मग दुसरी. म्हाळसाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. वासिफनं हेल्मेट गाडीवर ठेवलं.

"सांगा ना, तात्या. टोचू का?"

बिरूतात्यानं चाती कमरेला खोचली, गुडघ्यावर हात टेकून उठला, घोंगडी खांद्यावर टाकली. निळ्या डब्याला वळसा घालून, कुणाकडंही न बघता, तो वाकून पालाबाहेर पडला आणि कळपाच्या दिशेनं चालायला लागला.